घरटी एक पत्रा

खरं काय घडलं ते तलाठी लिहीत नाही. तलाठी काहीतरी लिहितो आणि दोन पंच खाली सही करतात, की होय, असंच घडलं. सव्वीस वर्षं मी हे करतो आहे. मध्यंतरी आमचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. पाटी रंगवायला तीन महिने लागले. आम्ही बदलायला थोडे जास्त लागतील. सांगायचं एवढंच, की इतक्या वर्षांत हा पहिलाच कागद, ज्याच्याखाली सही करायला माझ्याकडे पंच नाही. एक होत्या. त्या मागच्या वर्षी गेल्या.

कौसाबाई आमच्या कोतवाल. तालुका अकोले, भंडारदऱ्याच्या अलीकडचं गाव, सगळं चढाउताराचं. सासरा कोतवाल, नवरा कोतवाल. नवरा गेल्यावर जागा बाईंना मिळाली. जागा मिळाली म्हणजे चावडी झाडायची, टपाल न्यायचं, दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्ची पुसायची आणि मी हजर नसलो की 'भाऊसाहेब आत्ताच तालुक्याला गेल्यात' असं सांगायचं. हे शेवटचं काम त्यांना जमलं नाही. त्या सांगायच्या, "भाऊसाहेब आज आल्यालेच न्हाईत." मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

उंच, काटक बाई. पायात पुरुषी चपला, काखेत छत्री. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. भर पावसातही त्या डोक्यावरून पदर ओढून चालायच्या आणि मिटलेल्या छत्रीनं बांध दाखवायच्या, कुत्री हाकायच्या, झाकल्या हौदाची खोली मोजायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "उगडली की मोडती."

कुणाच्याही घरी गेल्या की दारावर थाप मारत नसत. दोन पावलं अलीकडे थांबून खाकरायच्या. आतून 'कोन हाय' आलं की मगच पुढं. दार सताड उघडं असलं तरी हाच क्रम. ह्या पद्धतीनं एक नोटीस बजावायला अर्धा तास लागायचा. माझी पद्धत वेगळी होती. मी नोटीस दाराला चिकटवून फोटो काढायचो.

आणि सहीच्या आधी त्या वाचायच्या. सातवी शिकलेल्या होत्या. कागद उन्हाकडे धरून, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. सरकारी कागद कुणी वाचून सही करतो हे मला नवीन होतं. आमचे पोलीस पाटील कोऱ्या कागदावर आगाऊ सह्या देऊन ठेवत, तेवढा त्यांचा माझ्यावर विश्वास. एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, वाचून काय करणार? मी काय खोटं लिहितो का?"

"न्हाई वो," त्या म्हणाल्या, "कुटं लिव्हलंय त्ये बघती."

मग वादळ आलं.

वादळ समुद्रावरचं. त्याचा आमच्या तालुक्याशी संबंध नव्हता. तसं वरून कळवलंही होतं, की घाट चढेपर्यंत जोर ओसरेल. वादळाला हे कुणी कळवलं नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला ते कोकणकडा चढून आलं आणि साडेतीनपर्यंत गावाच्या डोक्यावरची वरची वाडी उघडी पडली. तेवीस घरं, सगळी ठाकर आणि महादेव कोळ्यांची. पत्रे गेले, कौलं गेली, भिंती बसल्या. माणसं दगडाच्या आडोशाला पालथी पडून वाचली. मी त्या वेळी संगमनेरला माझ्या घरी होतो. दप्तरी नोंद 'बैठकीस उपस्थित' अशी आहे. तिथून मी जबाबदारीनं फोन केला, "कौसाबाई, दप्तर सांभाळा. भिजलं तर माझी नोकरी जाईल."

"व्हय," त्या म्हणाल्या. मागून पत्रे वाजल्याचा आवाज येत होता. तो चावडीचा नव्हता. चावडीला स्लॅब आहे.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर दप्तर कोरडं ठणठणीत, वरच्या फळीवर बांधून ठेवलेलं. खिडकीची फळकुटं उडाली होती, तिथं बाईंनी टेबल उभं करून रेटा दिला होता आणि स्वतः पाठ लावून बसल्या होत्या. मी बरं वाटून विचारलं, "तुमचं घर कसंय?"

"हाय तितंच," त्या म्हणाल्या. "वरचं गेलं."

ह्यावर मी "अरेरे" म्हणालो. लिहायला बसलो म्हणून हेही लिहितो.

वाडीची माणसं खाली शाळेत आणली. शाळेचा निवारा झाला आणि मदतीचा ओघ सुरू झाला. माणसाचं घर उडालं की त्याला पहिल्यांदा काय लागतं ह्यावर समाजाचं एकमत दिसलं: बिस्किटं. दुसरं, नेसून झालेल्या जरीच्या साड्या. तिसऱ्या दिवशी एका मंडळानं मच्छरदाण्या आणल्या आणि त्या टांगायला वाडीत एकही वासा उरला नव्हता म्हणून त्यांतच तांदूळ बांधून ठेवले गेले. नगरहून एक संस्था आली. तिचे सचिव भले गृहस्थ, प्रत्येक वस्तू देण्याआधी घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगत. एक जण तणावमुक्तीचं शिबिर घेऊन गेला. त्यानं लोकांना डोळे मिटून आपल्या आवडत्या जागी असल्याची कल्पना करायला सांगितलं. वाडीच्या लोकांनी डोळे मिटले, आणि दोघी-तिघी म्हाताऱ्या रडायलाच लागल्या. शिबिर यशस्वी झालं.

जेवणाची सोय मात्र चोख होती. आमच्या भागातल्या लग्नांत स्वयंपाक करणारे आचारी सलीमभाई, त्यांनी आपली भांडी, टेम्पो, दोन माणसं आणली आणि शाळेच्या अंगणात भात-आमटी शिजवायला घेतली. मी फलक लावला: 'आपद्ग्रस्तांसाठी मोफत अन्नछत्र'. दोन वेळा अन्न शिजलं. दोन्ही वेळा जेवायला मी, सलीमभाईंची दोन माणसं आणि संस्थेचे सचिव.

वाडीतलं एकही माणूस आलं नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला त्यांनी तीन-तीन दगड मांडून तेवीस चुली पेटवल्या होत्या. ओलं सरपण, नुसता धूर. भिजलेली नागली भाजून पोरांना देत होते. वाडीचे म्हातारे बुधाबाबा, त्यांना मी विचारलं, "बाबा, जेवायला का येत नाही?"

"आमाला वारं लागलंय भाऊसाहेब," ते म्हणाले, "रोग न्हाई लागला."

ह्याचा अर्थ मला लागला नाही. तालुक्याला रोज आकडा जायचा, निवाऱ्यात जेवणारे किती. मी प्रामाणिकपणे शून्य कळवलं. प्रामाणिकपणाची फळं लगेच मिळतात. संध्याकाळी निरोप आला, जेवणारे शून्य म्हणजे गरज नाही, परवापासून निवारा बंद करा, लोकांना आपापल्या घरी पाठवा. घरी म्हणजे वर, चिखलात, आभाळाखाली.

मी तो निरोप कौसाबाईंना वाचून दाखवला. त्या उंबऱ्यावर बसलेल्या. चावडीत त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत.

"आवतन दिलं व्हतं का त्यास्नी?"

"फलक लावलाय की एवढा मोठा."

"फलक बगून कोन जेवाया येतं? तुमच्या लेकीच्या लग्नात फलकच लावनार का?"

त्या उठल्या, छत्री काखेत मारली. "कुनाकडून सांगू?"

"शासनाकडून सांगा."

"शासनाच्या घरचं कोन हुबं ऱ्हानार वाढाया?"

शासनाच्या घरचं असं कुणी नव्हतं. त्या थांबल्या होत्या. शेवटी मी म्हणालो, "माझ्याकडून सांगा."

मी मागोमाग गेलो म्हणून हे पाहिलं. पहिल्या चुलीच्या अलीकडे दोन पावलं त्या उभ्या राहिल्या. तिथं दार नव्हतं, भिंत नव्हती, तीन दगड आणि एक बाई. कौसाबाई खाकरल्या. ती बाई समोरच होती, दोघी एकमेकींना दिसत होत्या, तरी ती चुलीकडे बघत म्हणाली, "कोन हाय?"

"मी, कौसा कोतवाल. भाऊसाहेबांकडून सांजच्याला जेवायचं आवतन हाय. चूलबंद."

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या लहान-थोर सगळ्यांना बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. ज्यांच्या चुली वादळात डोंगराखाली वाहून गेल्या त्यांना हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. अशा तेवीस चुली. तेवीस वेळा खाकरणं, तेवीस वेळा कोन हाय. बुधाबाबांनी दोनदा विचारून घेतलं.

"चूलबंद म्हन्ती?"

"चूलबंद. बारकी पोरं धरून."

"मंग येतो म्हनावं."

संध्याकाळी पंगत बसली. यजमान म्हणून आमटीची बादली माझ्या हातात आली. आयुष्यात मी कधी वाढलं नव्हतं. निम्मी आमटी पानाबाहेर. बुधाबाबा म्हणाले, "भाऊसाहेब, सातबाराबी असाच लिव्हता का?" सगळी वाडी हसली. त्या रात्री तालुक्याला आकडा गेला एकशे सात. निवारा पावसाळाभर चालला. ह्या कामाबद्दल माझं एका बैठकीत कौतुक झालं, आणि मी ते घेतलं.

कौसाबाई त्या पंगतीत बसल्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यापाशी उभ्यानंच खाल्लं. मी म्हणालो, "बसा की." तर म्हणाल्या, "सासऱ्यानं माज्या सगळ्या गावाला आवतनं वाटली. आमच्या घराला कुनी द्यायचं त्ये काय गावाच्या ध्यानात आलं न्हाई कदी." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. माहिती देत होत्या. त्यांचा सासरा म्हारवाड्यातला; छप्पन साली घर बौद्ध झालं, पण आवतणं वाटायचं काम दोन पिढ्या तसंच राहिलं.

आता पंचनाम्यांचं सांगतो.

पडलेल्या घराचा पंचनामा जागेवर जाऊन करायचा असतो आणि दोन पंचांनी घर बघून सही करायची असते. गावातला कुणी पंच म्हणून वर चढायला तयार होईना; चिखल फार होता, आणि मदत दुसऱ्याला मिळणार होती. पोलीस पाटलांच्या सह्या माझ्याकडे आगाऊ होत्याच. दुसऱ्या पंच कौसाबाई. त्या तेवीस घरांना वर चढून गेल्या, प्रत्येक ठिकाणी खाकरल्या, आत जाऊन बघितलं आणि खाली चावडीत बसलेल्या मला येऊन सांगितलं. मी लिहिलं, त्यांनी वाचलं. दोन ठिकाणी 'अंशतः' खोडून 'पूर्णतः' करायला लावलं. सह्या झाल्या.

मग त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, माजं घर ऱ्हायलं."

राहिलं होतं. विसरलो नव्हतो. तेवीस पंचनाम्यांवर जिची सही, तिचंच घर चोविसावं निघालं तर वरचा माणूस म्हणणार, पंचच लाभार्थी, म्हणजे सगळेच कागद संशयाचे. तेवीसच्या तेवीस परत येणार. त्यांच्या घरासाठी दुसरे दोन पंच मिळवणं अगदी अशक्य नव्हतं. सलीमभाई होते, शाळेचे गुरुजी होते. अर्ध्या तासाचं काम. पण यादी सहापर्यंत मेल करायची होती, आणि मला अंधार पडायच्या आत घाटरस्ता उतरायचा होता.

"पुढच्या यादीत घेतो," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या.

पुढची यादी नव्हती. हे मला ते वाक्य म्हणताना माहीत होतं. कौसाबाई कोणतीही गोष्ट एकदाच विचारायच्या. "एकदा इचारलं की समोरच्याला ऐकू येतंच," असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पुन्हा बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या ह्या स्वभावाचा मला फार उपयोग झाला.

यादीतल्या घरांना संस्थेनं पत्रे दिले. घरटी दहा. कुणी विकून खाऊ नये म्हणून सचिवांनी प्रत्येक पत्र्यावर लाल ऑईलपेंटनं घराचा क्रमांक टाकून घेतला. गरीब माणूस पत्रा मिळाला की पहिल्यांदा तो विकायला काढतो, असा त्यांचा अनुभव होता. कौसाबाईंच्या घरावर सलीमभाईंनी दिलेलं जुनं मांडवाचं कापड होतं, गुलाबी, झालरीचं. पाऊस लागला की ते मधोमध फुगायचं आणि बाई आतून छत्रीच्या टोकानं पाणी लोटायच्या. लग्नघरासारखं दिसायचं. मी जाता-येता त्या बाजूला बघत नसे.

एका रविवारी वाडी खाली उतरली. सोमवारी मी आलो तर बाईंच्या घरावर पत्रे. चकचकीत, तेवीस पत्रे, आणि प्रत्येकावर लाल अक्षरात वेगळा क्रमांक. एक, सात, बावीस, चार. बुधाबाबा अंगणात खिळ्यांचा डबा घेऊन बसलेले.

"बाबा, हे काय?"

"आहेर."

"कसला आहेर?"

"मावशीनं आवतन दिल्तं. चूलबंद. आमी समदी रिकाम्या हातानं जेवून आलो. तवा काय नव्हतंच हातात. आता आलं, तर घरटी एक पत्रा घातला."

कौसाबाई दारात उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या काय करावं ते कळत नसल्यासारख्या दिसल्या. "मी न्हाई म्हनले हुते, भाऊसाहेब. तर म्हातारा म्हनतो, आहेर माघारी देत्यात व्हय?"

मी ते क्रमांक वाचले आणि पुढं काय होणार ते मला तिथंच दिसलं. अशा गोष्टी आम्हाला दिसतात. शंभर रुपयांच्या रंगाचा एक डबा आणि एक ब्रश, एवढ्यानं सगळं मिटलं असतं. मी म्हणालो, "छान झालं."

दोन महिन्यांनी पाहणी आली. नायब तहसीलदार, तरुण, हुशार, परीक्षा देऊन आलेले. आणि संस्थेचे सचिव, कॅमेऱ्यासह. आम्ही वर वाडीत गेलो. पहिल्या घरावर पत्रे नऊ. "दहावा कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"उडाला," घरधनी म्हणाला.

दुसऱ्या घरावर नऊ. दहावा उडाला. तिसऱ्यावर नऊ. वाडीनं आपसात ठरवलं होतं, मावशीचं नाव घ्यायचं नाही. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं, सगळ्यांनी एकच खोटं धरलं. तेविसाव्या घरापर्यंत साहेब हसायला लागले होते.

"वारा फार शिस्तीचा आहे तुमच्याकडे. घरटी एकच नेतो."

बुधाबाबा म्हणाले, "व्हय साहेब. यादी घेऊन आल्ता."

खाली उतरलो. रस्ता कौसाबाईंच्या घरावरून जातो. सचिवांनी आधी बघितलं आणि काही न बोलता कॅमेरा वर केला. एक, सात, बावीस, चार.

"हे घर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माजं," कौसाबाई म्हणाल्या. त्या आमच्याबरोबरच चालत होत्या, साहेबांची पाण्याची बाटली घेऊन.

साहेबांनी हातातल्या फायलीत पंचनामे चाळले. प्रत्येकावर तीच सही, पूर्ण नावाची, वळणदार. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत गेला तो मला चेहऱ्यावर दिसत होता. घर पडल्याचा दाखला हवा असेल तर पंचाला घरटी एक पत्रा. ह्याहून सरळ गोष्ट सरकारी नोकरीत सहसा सापडत नाही. ते बाईंकडे न बघता माझ्याकडे वळले.

"काय हो, हिचं घर पडलं होतं का? यादीत आहे का?"

प्रश्न दोन होते. मी दुसऱ्याचं उत्तर दिलं.

"यादीत नाही, साहेब."

तीन शब्द. तिन्ही खरे. सव्वीस वर्षांत इतकं बिनचूक मी काही लिहिलेलं नाही.

कौसाबाई माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी साहेबांची बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "काडते पत्रे." एवढंच. बुधाबाबा मागून लंगडत आले आणि ओरडायला लागले, आहेर हाय, आमचा आहेर हाय. साहेब सचिवांना म्हणाले, "बघितलंत, किती घाबरवून ठेवलंय ह्यांना."

बाईंकडून खुलासा मागवला. तो लिहून द्यायची जबाबदारी मी आपणहून घेतली, तेवढंच मनाला बरं वाटावं म्हणून. सुरेख मसुदा केला. 'अनवधानाने', 'प्रथाविषयक गैरसमजातून', 'क्षमस्व'. चावडीत त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी कागद उन्हाकडे धरला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला.

"ह्यात माजं घर पडल्यालं न्हाई."

"ते लिहिलं तर प्रकरण वाढेल, बाई. मग यादीत का नाही, हा प्रश्न येईल."

"येईल की."

"माझ्यावर येईल."

त्यांनी कागद माझ्या बाजूला सरकवला. पेन टोपण लावून त्यावर ठेवला. "मंग सई तुमी करा. कागद तुमचाच हाय."

माझ्या माहितीत त्यांनी सही न केलेला हा एकच कागद. खुलासा मुदतीत आला नाही म्हणून त्यांचं काम थांबवलं. वर्षभरात त्या तशाही निवृत्त व्हायच्या होत्या. शाल आणि नारळ तेवढा वाचला. त्या वर्षीच्या वादळात तालुक्यात किती माणसं बेघर झाली त्याचा तक्ता मीच केला होता. कौसाबाई त्यात नव्हत्या. पुढं त्या नेवाशाला लेकीकडे राहायला गेल्या, आणि मागच्या वर्षी तिथंच वारल्या. सलीमभाईंनी फोन करून सांगितलं. मी तोवर शेवगावात होतो. शेवगावाहून नेवासं काही लांब नाही, तासाभराचा रस्ता. त्या असताना मी एकदाही गेलो नाही. गेल्यावर तर काही कारणच उरलं नाही.

गेल्या महिन्यात मी वर लिहून दिलं. घर पूर्णतः पडलं होतं, मी पाहिलं होतं, मी घेतलं नाही, पत्रे लोकांनी आपखुशीनं दिले होते. आवक शाखेतल्या बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, "संबंधित व्यक्ती हयात आहे का?" नाही म्हणालो. "मग निकाली निघेल लवकर," त्या म्हणाल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या असाव्यात.

कौसाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या बदलीच्या दिवशी. गावातून अकोल्याकडे जाणारा रस्ता आधी वाडीच्या फाट्यापर्यंत चढतो आणि मग पलीकडे उतरतो. सामान जीपमध्ये टाकून मी पुढं बसलो होतो. चढाच्या मध्यावर त्या दिसल्या, पाठमोऱ्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एक पत्रा आडवा. वाडीचे लोक परत घ्यायला येत नव्हते, आहेर माघारी घेत नाहीत म्हणून अडून बसले होते. बाईंनी त्यांना कळवलं होतं, आहेर न्हाई त्यो, सरकारी माल हाय. आणि रोज एक, त्या त्या क्रमांकाचा, ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवत होत्या. वाऱ्यानं पत्र्याचं टोक उचलत होतं. दोन्ही हातांनी त्यांनी कडा खाली ओढून धरल्या होत्या, त्यामुळे मान एका बाजूला वाकली होती.

ड्रायव्हर वेग कमी करत म्हणाला, "भाऊसाहेब, टपावर जागा हाय. फाट्यापर्यंत टाकू का पत्रा? मावशीलाबी घेऊ मागं."

मी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतो. म्हणजे मोबाईल हातात होता.

"राहू दे," मी म्हणालो. "उशीर होतोय."

त्यानं हॉर्न दिला. कौसाबाई रस्त्याच्या कडेला झाल्या. वळून बघितलं नाही. डोक्यावर पत्रा असताना वळता येत नाही. रस्ता अरुंद. जीपला पत्रा लागेल म्हणून त्यांनी तो हळूहळू फिरवून लांबीच्या बाजूनं रस्त्याला समांतर केला, आणि आमची गाडी पुढं जाईपर्यंत गटाराच्या काठावर तशाच उभ्या राहिल्या. आम्ही गेलो. जीपला एक ओरखडा आला नाही.